बाहेरच्या कडीचे कारण

मी, खाली सही करणार, वय एकोणऐंशी, धंदा कुलपे व कड्या बसवणे, शिक्षण चौथी (पहिला क्रमांक), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. अक्षर आजही समोरच्या शिंप्यापेक्षा बरे आहे.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या पत्नीस. तिच्या पश्चात चिरंजीवास.

२. दुकान, कानशी व चाव्या कापण्याचे यंत्र शेजारच्या घरातून आलेल्या बाईस, जिला गल्ली 'चावीवाली' म्हणते. चिरंजीव म्हणाले, "बाबा, परक्या बाईला दुकान?" म्हणून कारण नोंदवतो.

बावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने मला त्यांच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी बसवावयास सांगितले. मी बसवली, चार स्क्रू, अगदी सरळ. आत कोण राहणार, हे विचारले नाही. पुढे भिंतीपलीकडून आवाज येऊ लागले, की मी रेडिओ मोठा करीत असे.

गल्लीच्या सभेची वही अक्षरामुळे माझ्याकडे असे. एका सभेत बाब एक गटार, दोन दिवा, तीन पाणी अशी लिहून झाली. पत्नी उठून म्हणाली, "चौथी लिहा. शेजारची सून कोंडलेली असते, मार खाते."

मी म्हणालो, "ही घरगुती गोष्ट. वहीत बसत नाही."

"गटार तुंबलं की वास सगळ्यांना येतो, म्हणून ते गल्लीचं. हिचं ओरडणं सगळ्यांना ऐकू येतं, ते कुणाचं हो?"

मी बाब चार लिहिली, खाडाखोड न करता. सकाळी आम्ही सात जण गेलो. कडी सरकवून तिला बाहेर घेतले. मी स्क्रू काढू लागलो.

"काका, ही तुम्हीच बसवलीत ना?"

"हो."

"मग काढायला मला शिकवा."

चौथा स्क्रू तिने काढला, पण वाकडा. पुढे ती माझ्या दुकानातच काम शिकली; आज तिच्याइतके सरळ काम माझेही नाही.

३. एकदा मीही पत्नीवर हात उचलला होता, हत्यारांची पेटी हलवल्यावरून. ती म्हणते, "आता कशाला लिहिता? माझ्या लक्षातसुद्धा नाही." लक्षात आहे, त्या पेटीला ती आजही हात लावत नाही. कोणत्याही वहीत नसलेली ही बाब येथे नोंदवली. पेटी तिच्या नावे. हवी तेथे ठेवावी.

४. शिंप्याने नेलेली शिडी कोणी मागू नये. त्याने आपणहून आणावी.

५. ती कडी गल्ल्याखालच्या खणात आहे. विकू नये. कोणी बाहेरून कडी बसवून मागितली, तर ही समोर ठेवून 'आत कोण राहणार?' असे विचारावे. उत्तर पटेपर्यंत स्क्रू फिरवू नये.

हा मजकूर चिरंजीवांस वाचावयास दिला. ते म्हणाले, "रेडिओ यासाठी मोठा करायचात? मला वाटायचं, तुम्हाला गाणी आवडतात."

मी म्हणालो, "यासाठीच."

"दुकान तिलाच द्या, बाबा. शटरची किल्ली मी नेऊन देतो."

चावीवालीस लाभ असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही.

सही: कुलूपवाले
साक्षीदार: १. डॉक्टर, तळमजला. २. शिंपी, समोरचे दुकान (शिडी उद्या आणतो).
स्थळ: दुकान. दिनांक आठ, सोमवार, सकाळी अकरा.