वरच्या पाटातला बोळा

लिहून ठेवते मी, हिलारिया माकाविल्का, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती आणि एकवीस वर्षे गावाचं पाणीवाटप, राहणार पाकचामार्का, लिमाच्या वरचे डोंगर, देश पेरू. अक्कल ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दटावलेलं नाही, दारूचा थेंबही घेतलेला नाही.

कलम एक. राहतं घर भाची लुसमिला हिला. छप्पर गळतं, तिने ते शाकारावं, रडत बसू नये.

कलम दोन. दोन गायी आणि चीजचं भांडं धाकटी बहीण तेओफिला हिला. भांड्याला पोचा आहे. तो तिनेच पाडला आणि आजतागायत कबूल केलेला नाही.

कलम तीन. फावडं आणि पहार. इथे अडले. नोटरींचा कारकून विचारतो, "आजी, पहार कोणाला?" थांब बाबा, सांगते.

पावसाळ्यात आम्ही ओढ्याचं पाणी दगडी पाटांनी वळवून भेगाळलेल्या कड्याला पाजतो. पाणी पेरणं म्हणतो त्याला. ते डोंगराच्या पोटात हिंडून कोरड्या महिन्यांत खालच्या झऱ्यांना येतं. उरलेलं नदीवाटे लिमाला, मग समुद्राला. गावाने पाणीवाटप माझ्याकडे दिलं त्या सभेत तेओफिला उठून म्हणाली, "ताईला चुलीवरचं दूध सांभाळता येत नाही, गावाचं पाणी काय सांभाळणार?" सगळी सभा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी वर गेले आणि वरच्या पाटाचं कड्याकडचं तोंड दगड, चिखल, गवताचे गड्डे ठोकून बुजवलं. त्यातलं पाणी तिच्या झऱ्याला जातं, असं आई सांगायची.

तिचा झरा वाहतच राहिला. आटला तो खालच्या आळीचा. डोंगराचं पोट आईलाही कळलं नव्हतं. लोक म्हणाले, डोंगर कोपला. मीही मान डोलावली. दरवर्षी पाट साफ करायला सगळा गाव वर येतो, तेव्हा ते टोक मी स्वतःकडे घेते. सात घरं उठून नदीच्या मागोमाग खाली गेली. आज समुद्राकाठी वाळूच्या टेकाडावर राहतात, टँकरचं पाणी पिंपात भरतात. त्यांतली म्हातारी सातुर्निना परवा इथे थोरल्या लेकाकडे आली होती, बाजारात भेटली. म्हणाली, "आला का गं आमचा झरा?" मी म्हटलं, "अजून नाही." मला माझीच लाज वाटते.

म्हणून पहार व फावडं गावाला. मी ठोकलेला बोळा वरच्या पाटाच्या टोकाशी, सपाट काळ्या दगडाखाली आहे.

कारकून म्हणतो, "झालं. पाकीट मोहोरबंद करतो, तुमच्या पश्चात उघडेल." माझ्या पश्चात? पाऊस डिसेंबरात येतो, मार्चअखेर संपतो. मी फेब्रुवारीत मेले तर अख्खं साल वाया. आणि आमच्या घरात बायका लवकर मरत नाहीत, आजी शहाण्णव वर्षं जगली.

कलम चार. पाकीट मोहोरबंद करू नये. येत्या रविवारी गावसभेत हे सगळं तेओफिलाने मोठ्याने वाचावं. मी पुढच्या बाकावर बसेन. हसायचं त्याने हसावं, थुंकायचं त्याने थुंकावं. मला काय शिक्षा करायची ते सभेने ठरवावं, पण आधी वर जाऊन पाट उघडावा.

सही: हिलारिया माकाविल्का

साक्षीदार:
१. प्रुदेन्सियो ओबिस्पो, कारकून
२. एलेउतेरिओ चुम्बिमुनी, दुकानदार, सातुर्निनाचा गावातच राहिलेला थोरला मुलगा. सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही. पहार घेऊन गेला, रविवारपर्यंत थांबणार नाही म्हणाला.

पाकचामार्का, ९ नोव्हेंबर २०१८