वाटेवरची पडवी

अहो,

मायना इतकाच. तुमचं नाव मी तुमच्यासमोर कधी घेतलं नाही, आता कागदावर तरी कसं लिहू? उद्या दुपारी मी तुमच्या पडवीची समुद्राकडची भिंत कापणार आहे. ज्याने ती एकट्याने उभी केली त्याला आधी कळायला हवं, म्हणून लिहिते.

रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणाऱ्या माणसाला सुतारकामाचा एवढा नाद कुठून लागला, देव जाणे! बाकीचे गडी जेवून माडाखाली आडवे व्हायचे आणि तुम्ही मोडक्या होडीच्या फळ्या खांद्यावर टाकून घरी यायचात. होडीची कप्पी काढून विहिरीवर बसवलीत. माझी कंबर दुखते म्हणून पाटा उचलून ओट्यावर चढवलात. उभ्याने वाटप वाटणारी अख्ख्या देवबागात मी पहिलीच. बायका महिनाभर विचारत होत्या, की आता जेवतेससुद्धा उभ्यानेच का.

मग पडवी काढलीत. घराच्या अंगाने खाडीकडून समुद्राकडे जाणारी अरुंद पायवाट होती ना, बरोबर तिच्यावर. ती राखणदाराची, गावच्या रक्षक देवाची वाट. भर दुपारी तो खाडीतून निघतो, समुद्रापर्यंत जातो, वाट चुकलेलं कुणी भेटलं तर त्याला हाताला धरून पोचवतो, हे तुमच्या आयेनेच मला लग्न होऊन आल्यावर सांगितलं होतं. कुदळ मारण्याआधी नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं घालायचं, परवानगी मागायची, एवढंच तर होतं. आयेने दोनदा आठवण केली. तुम्ही खुंट ठोकत हसलात.

"राखणदाराक पाय आसत. वळसो मारून जातलो."

का हसलात हो? एक नारळ जड झाला होता का?

फटींतून वारा येतो म्हणून तुम्ही फळ्यांना आतून जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवलीत. वाचता येत असून घाईत निम्मे कागद उलटे लावलेत! मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. आधी तुम्हाला एकेक अक्षर विचारायचे, तुम्ही गेल्यावर एकटीच जुळवत बसायचे. अजूनही मला उलटं धरलेलं पुस्तक वाचता येतं. त्या भिंतीवर गोवा अजून पोर्तुगिजांचाच आहे. बाहेर किती काय बदललं, पण आत कुणी कळवलेलंच नाही.

पडवी उभी राहून तीन महिने झाले नाहीत तोच होडीच्या फळीतला गंजका खिळा तुमच्या तळपायात गेला. धनुर्वात. उजेड नको, आवाज नको, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून तुमचं अंथरूण पडवीतच घातलं. सहा दिवस काढलेत. शेवटी बोटसुद्धा वळत नव्हतं. भर दुपारी गेलात.

तेराव्यानंतर आठवडाभराने मी पहिल्यांदा ऐकलं. जेवणं आटोपून चूल सारवत होते. पडवीतून रंध्याचा आवाज आला. एक लांब खरखर, मग थांबणं, मग फुंकर. फुंकरसुद्धा, अहो! लाकडाचा कीस उडवायला तुम्ही मारायचात तीच. मी घाबरले नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ज्या हातांना शेवटी मूठ मिटता येत नव्हती ते हात काम करत होते. मी कशी थांबवणार?

कुणाला बोलले नाही. बोलले असते तर घाडी बोलावून, मंत्र घालून तुम्हाला घालवून दिलं असतं. दोन वर्षं मी दुपारची कामं लवकर उरकली आणि पडवीत उघडणाऱ्या स्वयंपाकघरातल्या दाराला पाठ लावून बसले. आवाज चालू असताना एकदाच आत गेले. तो थांबला. तुमची अर्धवट राहिलेली फणसाची फळी होती तिथेच होती. खाली किसाचा कणही नव्हता. फळीवर हात फिरवला, तर एक अंग काचेसारखं लागलं. ते तुम्ही आधीच करून ठेवलं होतंत का? मला आठवत नाही. मला आठवायचंही नव्हतं.

बाहेरचं मात्र लक्षात यायला उशीर झाला. पडवीमागची वाळू मी सकाळी झाडते. या चैत्रात एकदा दुपारनंतर तिथे पावलं दिसली. वहाणांची, माझ्या वितीहून बरीच लांब. आपल्याकडे वाळूत वहाणा कोण घालतं? खाडीच्या पाण्यापासून सरळ येत होती आणि भिंतीपाशी संपत होती. परतीची नव्हती. वळसा घालून गेलेलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही.

मग मी दाराच्या फटीला डोळा लावला. रंधा चालू होता. तुम्ही दिसला नाहीत. खाडीकडच्या भिंतीवरचे कागद तेवढे आतल्या अंगाला फुगले होते, पलीकडून कुणी छाती टेकून उभं राहावं तसे. वारा पडलेला होता. माडाचं एक चुडतही हलत नव्हतं.

ती पावलं तुमच्या भावानेही पाहिली. भावजी देवळात कौल लावून आले आणि दारापुढच्या खळ्यातच उभे राहिले.

"वयनी, वाट मोकळी करूक व्हयी. कौल तसोच इलो. पडवी मोडूया."

"पडवी मोडूक मी दिवचंय नाय," मी म्हटलं.

ते आयेकडे बघून निघून गेले. मला वाटत होतं, राखणदार रागाने येतो. तुम्हाला त्यानेच नेलं, आता मलाही नेईल. नेऊ दे, म्हणून मी बसले होते. आये दोन वर्षं माझ्याशी मोजकंच बोलत होती. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन टेकली.

"तो रागान येणा नाय गो. माझ्या झिलाक न्हेवक येता. रंधो माका पण आयकाक येता."

दोन वर्षं एका घरात आम्ही दोघी एकमेकींपासून लपवून तुम्हाला ऐकत होतो!

मग मला सगळं दिसलं. तुम्ही आत, तो बाहेर, मधे तुमचीच भिंत. आणि जे एक दार होतं त्याला मीच पाठ लावून बसलेली. दोन वर्षं तीच एक फळी, अहो. किती दमला असाल. मला कसं सुचलं नाही?

पडवी मोडायची नाही, तिला समोरासमोर दोन वाटा पाडायच्या, असं मी ठरवलं. करवत तुमचीच. भावजी मदतीला येतो म्हणाले, मी नको म्हटलं. आधी गाऱ्हाणं घातलं. बाईमाणसाने ते घालायचं नसतं, पण चूक आपल्या घरातली होती. मी नारळ ठेवला, आये मागे उभी राहिली.

"बा राखणदारा म्हाराजा, तुझी वाट माझ्या घोवान अडवली, हसान अडवली. ती चूक पदरात घे."

"व्हय म्हाराजा," आये म्हणाली.

खाडीकडची चौकट परवा पुरी झाली. करवत वेडीवाकडी गेली आहे, बघून हसला असाल. कापताना जे कागद फाटले ते मला पाठ होते.

काल दुपारी पावलं आत आली. सारवलेल्या जमिनीवर ओली वाळू पडवीच्या मध्यापर्यंत, तिथून पुढे काही नाही. रंधा वाजला नाही. काल नाही, आज नाही. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. दोन माणसं एकमेकांशी न बोलता बसली की खोलीत जी शांतता असते, ती आत होती. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. माझीच ना?

उद्या जेवणं आटोपली की समुद्राकडची भिंत. कोळशाने खुणा करून ठेवल्या आहेत. शेवटची फळी पडली की मी स्वयंपाकघरात निघून येईन. निघताना खोकू नका, कुठे हात लावून बघू नका. मला राहवणार नाही. दोन्ही चौकटींना दारं मी बसवणार नाही, पाऊस आत आला तरी.

आणि एक वचन देते. परवा दुपारी मी दाराला पाठ लावून बसणार नाही. खरकटी भांडी घेऊन परसात जाईन आणि राखेने खडाखडा घाशीन. तुम्ही गेलात की नाही, ते ऐकून पाहणार नाही.

तुमची,
जयवंती