गोळ्या गेल्या आणि हे परत आले

ती. वन्सं,

नमस्कार स्वीकारावा, आणि मी तुमच्या गुडघ्यांचीही चौकशी केली आहे असं त्यांना सांगावं. इकडे सगळं ठीक. तुमचा भाऊ घरी आला आहे आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो आहे. ती कुरकुर ऐकून मी मोरीत जाऊन आनंदाने रडले. का, ते सांगते.

बल्ब बदलायला हे स्टुलावर चढले आणि स्टूल तेवढं उभं राहिलं. हाड शाबूत, पण मुका मार जबरदस्त, म्हणून हॉस्पिटलात ठेवून घेतलं. दुखण्यावर गोळी दिली. तिने पोटात जळजळ, म्हणून दुसरी. नव्या जागी झोप येईना, म्हणून झोपेची. तिने सकाळी गरगरायला लागलं, म्हणून चक्करेची. चक्करेच्या गोळीने हात थरथरायला लागले (शिंप्याचे हात, वन्सं!), तर आणखी एक डॉक्टर आले, कंपवात म्हणाले आणि त्यावरची सुरू केली. वाईट कोणीच नव्हतं हो. लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवावा तसा जो तो प्रेमाने एक गोळी ठेवून जायचा.

त्या शेवटच्या गोळीनंतर यांना वॉर्डात गिऱ्हाइकं दिसायला लागली. हवेतल्या हवेत मापं घ्यायचे. सलाइनच्या स्टँडला म्हणाले, "साहेब, श्वास सोडा, पोट आत ओढू नका." वॉर्ड हसला, मीही हसले. मग माझ्याकडे वळून अदबीने विचारलं, "बाई, आपण कोणाकडे आलात?" माझं हसू तिथंच थिजलं. तुमच्याचकडे, म्हटलं. तर म्हणाले, "बसा. माझी बायको येईलच. फार गुणी आहे, पण तिला सांगू नका, डोक्यावर बसेल." (सगळ्या संसारात ऐकलेली ही पहिली स्तुती, आणि तीही परकी बाई म्हणून.) शेजारच्या खाटेवरचे म्हणाले, वय झालं की असंच व्हायचं. मीही तेच धरून चालले होते.

तेवढ्यात खास म्हाताऱ्या माणसांच्या अशा एक डॉक्टरीणबाई आल्या. अंगाने इवल्याशा, पायात कापडी बूट. खुर्ची ओढून बसल्या (वॉर्डात डॉक्टर बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला) आणि मला विचारलं, "पडायच्या आधी हे कसे होते?"

"भांडत होते," मी म्हटलं.

"छान. म्हणजे हे वय नव्हे."

मग वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारत गेल्या. ही कशावर? कंपावर. कंप कशाने? चक्करेच्या गोळीने असेल. आणि चक्कर? झोपेच्या... म्हणता म्हणता त्यांनी स्वतःच पेन उघडलं. स्वेटरचा एक धागा ओढावा आणि अख्खी वीण उलगडत यावी, तसं झालं. माझा नुसता आ वासलेला. औषध देणारे डॉक्टर पुष्कळ पाहिले हो, पण काढून घेणारा इतका मोठा असतो हे ठाऊक नव्हतं.

काही गोळ्या लगेच बंद झाल्या, काही हळूहळू. तसतसे हे थोडे थोडे परत येत गेले. आधी गिऱ्हाइकं गेली, मग थरथर. एका सकाळी सिस्टरच्या कोटाची लोंबती गुंडी पाहून यांनी सुई मागितली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला. मी बघतच उभी. गुंडी लावून झाल्यावर माझ्यावर डाफरले, "अशी काय बघतेस? चहा कुठाय?" एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही.

तुमची,
भावजय

ता. क. हे वाचून म्हणतात, स्तुतीबिती सगळं गोळीचं काम.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. त्याच डॉक्टरीणबाईंकडे तुमचं नाव घातलं आहे. उशाशी, फ्रिजवर, पर्समध्ये असतील तेवढ्या गोळ्या पिशवीत भरून ठेवा. आपल्या मनाने एकही बंद करू नका. हे बुधवारी तुम्हाला न्यायला येतील. रागावू नका, वन्सं. परवा फोनवर तुम्ही मला 'आई' म्हणालात आणि जेवलीस का विचारलंत. मी "हो, जेवले" म्हटलं. दुसरं काही सुचेना, आणि तुम्ही इतक्या खुशीत होतात.