ढब्बूचा दहावा

प्रिय योगिनी,

फोन न करता वहिनी पत्र लिहायला कधी शिकली, असं म्हणशील. काय करणार, मी फोन हातात घेतला की तुझे दादा शेजारी येऊन बसतात, आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. ट्रॅक्टरवाला लखन उद्या कांदाचाळीतला कांदा घेऊन तुमच्या विंचूरला येतोय, त्याच्या हाती देते. वाचलंस की फाडून टाक.

आपला ढब्बू मंगळवारी सकाळी गेला. पावसाळाभर तो धड खातच नव्हता. दिंडोरीहून जनावरांचे डॉक्टर आले, सलाईन लावून गेले, किडन्या निकामी झाल्यात म्हणाले. शेवटी शेवटी तुझे दादा पडवीत त्याच्याजवळच गोधडी टाकून झोपायचे. सकाळी मी चहा घेऊन गेले तर ढब्बू गार पडलेला आणि हे त्याच्या कानामागे खाजवत बसलेले. कप हातात धरून मी उभी राहिले, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? वाटलं, आता यांना कसं सांगायचं. समोर बसलेल्या माणसाला! आपल्या पोराच्या, रवीच्या अपघाताचं यांना मीच सांगितलं होतं ना, तेव्हापासून माझी जीभच भ्यायली आहे.

बागेच्या कडेला, रवीची राख टाकून लावलेल्या जांभळाशेजारी ढब्बूला पुरलं. आपल्याकडे कामाला असलेला पेठचा पुंजा फावडं घेऊन धावत आला, पण तुझ्या दादांनी त्याला हात लावू दिला नाही. रवीच्या वेळी त्यांना चार माणसांनी धरून ठेवलं होतं. या वेळी धरायला कोणी नव्हतं, तर सगळं स्वतःच्या हातांनी केलं. माती ओढून झाल्यावर खाली बसले ते ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात.

पुढच्या महिन्यात रवीचं वर्षश्राद्ध आहे. रोज कोणी ना कोणी सल्ला द्यायला येतं आणि चहा पिऊन जातं. कोणाला शाळेत पाण्याचा फिल्टर बसवायचाय, कोणाला एसटी स्टॉपवर बाकडं. तुमच्या नानाकाकांनी कीर्तनकार ठरवूनसुद्धा टाकलाय. फ्लेक्सचं डिझाइन मोबाइलवर आलं, त्यात रवीला कोट घातलाय. माझ्या पोराने जन्मात कोट घातला नाही गं. मला हसूच आलं, आणि मग ते थांबेना. पुंजाच्या बायकोने, झुंबरबाईने तोंडावर पाणी मारलं तेव्हा थांबलं. तुझ्या दादांना यातलं काहीच नको. त्यांना जांभळाखाली ओटा बांधून फरशीवर दोन नावं हवीत, रवीचं आणि ढब्बूचं. नाना तडकले, "माणसाच्या पंगतीला कुत्रं बसवतो का रं?" मला कोणी विचारत नाही, म्हणून तुला सांगते, मला कुठेच त्याचं नाव नको. मला तो हवाय.

ते असो. खरी गोष्ट वेगळीच आहे. रवीचा दहावा तुला आठवतो ना? कादवा नदीच्या काठी ऊन तापलेलं आणि पिंडाला कावळा शिवत नव्हता. नाना म्हणाले, तुझी बाग मोडणार नाही. रवीचे मामा म्हणाले, आईला सांभाळू. मीही काहीबाही बोलले. कावळे समोर झाडावर बसून नुसते बघत होते. मग तू मागून म्हणालीस, "दादा, ढब्बूचं बोल." ढब्बूला कधी अंतर देणार नाही, असं त्यांनी हात जोडून म्हटलं, आणि तोंडातला शब्द संपतो न संपतो तोच कावळा खाली उतरला. त्या दिवसापासून या माणसाने त्या कुत्र्याला जिवापाड जपलं. आपण ढब्बूला नाही, रवीलाच जपतोय असं त्यांना वाटायचं. आता ढब्बू गेला, तर म्हणतात, माझ्या हातून शब्द मोडला.

आता त्यांना ढब्बूचा दहावा करायचाय. गुरुजींकडे जाऊन आले. गुरुजी भले माणूस, हसले नाहीत. "शेखरराव, मला हे करता येणार नाही," एवढंच म्हणाले. तेव्हा दादा स्वतःच भाताचा गोळा घेऊन कादवेवर जाणार आहेत. गाव हसतंय, हसू दे. कावळा शिवला तर रवी रागावलेला नाही, एवढीच त्यांची आशा आहे. आणि नाही शिवला तर? परवा जेवताना मध्येच म्हणाले, "पोरगा वर्षभर तिकडं एकटाच हाय." आणि भाकरी तशीच ठेवून उठले. मी फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावलंय. किल्ली माझ्या पदराला असते. मलाही कधी कधी त्या दाराकडे बघावंसं वाटतं योगिनी, पण मी गेले तर यांच्यावर नजर कोण ठेवणार?

तुझे दादा तुला दहाव्याला बोलावणार आहेत. ढब्बूचं काय मागे राहिलं ते योगिनीला बरोबर कळेल, म्हणतात. तुलाच काय, ते मलाही कळतं. संध्याकाळी रस्त्यावर कुठलीही मोटारसायकल वाजली की तो फाटकाशी जाऊन उभा राहायचा, आणि गाडी पुढे निघून गेली की तिथेच खाली बसायचा. अगदी सोमवारीसुद्धा ओढत ओढत गेला होता. त्याला रवीची भेट हवी होती, दुसरं काही नाही. तू ये, दहाव्याच्या आधीच ये. पण कावळा उतरला नाही आणि दादांनी तुझ्याकडे पाहिलं, तर हे तोंडातून काढू नकोस. दूधभाकरी राहिली म्हण, ओटा राहिला म्हण, सुचेल ते खोटं बोल. कारण तू खरं बोललीस तर तुझे दादा तिथल्या तिथे हात जोडून म्हणतील, "मी तिकडं येऊन घालून देतो भेट." आणि एक शब्द मोडल्याचं दुःख घेऊन बसलेला माणूस दुसरा मोडणार नाही.

तुझीच,
तेजू वहिनी