चर्चा करावी

इंदिरापुरम, गाझियाबाद
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रेवती,

अभिनंदन. हा शब्द लिहायला मला तीन आठवडे लागले, म्हणून आधी तोच लिहून मोकळी झाले. तुझी तब्येत विचारत नाही, ती टीव्हीवर रोज दिसते. आमचं ठीक आहे. अविनाशच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, रविवारी लिफ्टपर्यंत चालून आला. हवा दरवर्षीसारखी घाण, खिडक्या बंद, मशीन चालू. नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं आणून ठेवलंय. सासूबाईंची नगरची रीत, ती काही सुटत नाही. तू आमच्याकडची करंजी शेवटची कधी खाल्लीस ते मी मोजत नाही.

तू पक्षाची राष्ट्रीय अध्यक्ष झालीस हे मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. खाली कुणीतरी लिहिलं, आपल्या नऊशे चारवाल्या मॅडम त्यांच्याच बॅचच्या ना? झालं. तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझंच अभिनंदन करतात. मी 'थँक यू जी' म्हणते आणि नववा मजला येईपर्यंत आकडे बघत राहते.

तुझ्याशी गोड बोलून उपयोग नाही, तू मला ओळखतेस. माझ्या पोटात दुखतं, रेवती. मेरिट लिस्टमध्ये मी तुझ्यापेक्षा सव्वीस नंबर वर होते. फ्रेंच माझं चांगलं होतं. ट्रेनिंगमध्ये पाहुण्यांना बसवायच्या सरावात तू राजदूताच्या बायकोला दुभाष्याच्या खुर्चीत बसवलं होतंस आणि वर हसत होतीस. मी दोन देशांत राजदूत होऊन रिटायर झाले. त्यांची नावं सांगितली की इथले लोक विचारतात, अच्छा, ये कहाँ है? तुझी दोन वर्षं चौकशी चालली, पाच वर्षं बढती अडली, शेवटी तू राजीनामा देऊन पानिपतला जाऊन बसलीस. तेव्हा मला वाटलं होतं, संपली बिचारी. 'बिचारी' म्हणताना किती बरं वाटायचं, काय सांगू. आणि आता तुझ्या गाडीसाठी माझी कॅब थांबवतात.

मागच्या फेब्रुवारीत चंदीगडला जाताना पानिपतच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. गल्ल्यामागे देवाच्या तसबिरीशेजारी एक कागद फ्रेम करून लावलेला. मी लांबूनच ओळखला. प्रवासाचा तात्पुरता परवाना, फोटो फिकट झालेला, खाली तुझी सही. ढाबेवाला म्हणाला, "मैडम जी ने न किया होता तो हम वहीं मर जाते." मी तुला ओळखते एवढं सांगायला काय हरकत होती? पण मी तोंडात गुळणी धरून बसले. पराठा अर्धा टाकला. अविनाशने विचारलं तर म्हटलं, तेल जास्त आहे.

बघ, अजून मुद्द्यावर आलेच नाही. मुद्दा आमच्या अनुष्काचा आहे. ती आता नोएडाच्या एका न्यूज पोर्टलमध्ये आहे, राजकारणावर लिहिते, चांगलं लिहिते. येत्या रविवारी तिचा लेख येतोय. तीनशे बारा कामगारांना युद्धातून बाहेर काढण्याचा निर्णय तुझा नव्हताच, तुझ्या सीनियरचा होता आणि तू आयुष्यभर त्यावर राजकारण केलंस, असा. तुझी सीनियर म्हणजे मी. ही गोष्ट तिला कुणी सांगितली हे तुला विचारावं लागणार नाही. ती सहा वर्षांची असल्यापासून मी सांगत आले आहे: निर्णय माझा, रेवतीने फक्त सह्या केल्या.

तुझी परवाची मुलाखत आम्ही एकत्र पाहिली. अँकरने तुला विचारलं, त्या दिवशी तुम्हाला सही करायला कुणी सांगितलं होतं का? तू म्हणालीस, "नाही. सही माझी होती, जबाबदारी माझी." अनुष्का सोफ्यावरून उठलीच. "देखा? तुझं नावसुद्धा नाही घेतलं. आई, ही तर सरळ चोरी आहे यार." तू माझं नाव का घेतलं नाहीस, हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. तू मला झाकलंस. चौतीस वर्षं झाकते आहेस. तू चारचौघांत माझा उद्धार केला असतास तर मला इतकं झोंबलं नसतं. हे तुझं मोठेपण आहे ना, ते मला अजिबात सहन होत नाही.

आता लिहिते. तू सगळं जाणतेस, पण मी कधी लिहिलेलं नाही.

शुक्रवारची दुपार, एक वाजलेला. साहेब राजधानीत अडकलेले, दिल्लीचा फोन लागत नव्हता. चार वाजता शेवटचं जहाज सुटणार होतं. आपल्या वकिलातीच्या आवारात तीनशे बारा माणसं उन्हात बसलेली आणि त्यांचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात. सहीचा अधिकार आपल्या दोघींनाच, त्यात मी वरची. परवान्यांची फाइल माझ्या टेबलावर आली. कुणाचीच ओळख पडताळलेली नव्हती. एखादा भलताच निघाला असता तर नोकरी गेली असती. मी फाइलवर लिहिलं, 'चर्चा करावी', खाली 'वृं', आणि ती तुझ्याकडे पाठवली. निर्णय आपल्या अंगावर नको असला की आपण सगळेच हे दोन शब्द लिहायचो. पुढचं सगळं तोंडी व्हायचं, कागदावर काही राहत नसे.

तू फाइल घेऊन जिन्यात आलीस. म्हणालीस, "वृंदा, हे घे, कर चर्चा." मी म्हणाले, "तू कर सही. मी आहे तुझ्या मागे. कुणी विचारलं तर सांगेन, मीच सांगितलं." मग अनुष्काला ताप आहे म्हणून मी घरी निघून गेले.

तिला ताप नव्हता.

तू पावणेतीन तासांत तीनशे बारा सह्या केल्यास. शेवटच्या पन्नासेक सह्यांमध्ये तुझं नाव वाचताच येत नाही, हात सुजला होता. ढाब्यावरचा कागद त्यातलाच आहे.

दिल्लीला चौकशीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. फाइलवर 'चर्चा करावी' आहे, मग चर्चा झाली का? मी म्हणाले, नाही, झाली नाही. पुढ्यातला चहा गरम होता तोवर मी बाहेर आलेसुद्धा. तू बाकावर बसली होतीस. "झालं?" म्हणालीस. मी म्हटलं, "झालं." त्या नाताळला तू आली नाहीस, तेव्हा मला कळलं की तू अहवाल वाचलास.

मी घाबरले म्हणून खोटं बोलले, असं लिहिलं तर तू माफ करशील. भीती होतीच. पण त्याआधी पेपरात तो फोटो आला होता. बंदरावर त्या माणसांनी तुला खांद्यावर घेतलेलं, तुझा एक हात रुमालात गुंडाळलेला, आणि तू तशीच हसत होतीस, खुर्ची चुकल्यावर हसली होतीस तशी. मी तेव्हा बिनतापाच्या मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते, अविनाशला खरं वाटावं म्हणून. तू जरा खाली यावंस असं मला वाटलं. संधी मिळाली आणि मी तुला खाली आणलं. एवढंच आहे ते.

परवा अनुष्काला म्हणाले, मला रेवतीबद्दल असूया वाटते. तिला शब्दच कळला नाही. जेलसी म्हटलं तर हसली, "तू? बिल्कुल नाही. तुझ्यावर तर अन्याय झालाय." तिच्या तोंडचं हे ऐकायला मी तीस वर्षं खोटं सांगितलं, आणि आता तेच तिच्या नावाने छापून येणार आहे. तुझं त्याने काही बिघडणार नाही. कुणीतरी चौकशीचा अहवाल शोधून काढील आणि माझी मुलगी सगळ्यांसमोर खोटी पडेल. म्हणून हे पत्र आधी तिला वाचायला देते आहे, मग तुझ्याकडे कुरियरने पाठवीन. ती पुन्हा माझ्याशी नीट बोलेल की नाही, ठाऊक नाही.

शुक्रवार, सकाळ

अनुष्काने वाचलं. डायनिंग टेबलावर बसून, दोनदा. मी स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत होते. लेखाचं काही बोलेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "म्हणजे मला ताप नव्हता?"

मी म्हटलं, नव्हता.

"मी सगळ्यांना सांगत आले गं, की माझ्या तापामुळे आईचं नाव राहून गेलं. मला सॉरी वाटायचं." मग फोन काढून तिने ऑफिसला सांगितलं की रविवारचा लेख येणार नाही, दुसरा देते. बॅग घेतली. दारात बूट घालताना पत्राकडे बोट केलं. "खाली फक्त वृं लिहिलंयस. ते नाही चालणार. पूरा नाव लिही, तारीख टाक, और फिर मुझे फोटो भेज." जाताना वळून बघितलं नाही. अविनाश काठी टेकत बाहेर आला, त्याने तिला लिफ्टपर्यंत सोडलं.

तुझा हेवा मला आजही वाटतो, उद्याही वाटेल. माफी मागत नाही, तू देशील आणि मग मला ती बाळगत बसावं लागेल. पण एका फाइलवर माझी नोंद अर्धवट राहिली आहे, ती पूर्ण करते.

चर्चा झाली होती. सही करायला मी सांगितलं होतं.

वृंदा अविनाश साळवे
तेव्हाची सेकंड सेक्रेटरी, तुझी वरिष्ठ
१४ नोव्हेंबर २०२५