हातमोज्यांशिवाय

१४ मार्च

चि. गुंड्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण तुझ्या दाजींच्या मानाने कमीच. तुझा पत्ता तुझ्या जुन्या मित्राकडून मिळवला. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याचं डोकं खाल्लं.

बातमी म्हणजे, या वयात मी नोकरीला लागले! घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करायचं. पहिलेच आजोबा मिळाले ते एचआयव्हीचे. मी एकावर एक दोन हातमोजे चढवून त्यांचे केस धुतले. ते म्हणाले, "बाई, मोजे चढवलेच आहेत तर आधी भांडी घासून घ्या, मी थांबतो." मला रागच आला, खोटं कशाला बोलू?

मग आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या सिस्टर भलत्याच खमक्या. त्यांनी आम्हांलाच एकमेकींचे केस धुवायला लावले, आधी हातमोजे घालून, मग नुसत्या हातांनी. अगंबाई! रबराच्या हातांखाली मी अंग चोरून बसले होते. उघडे हात लागले आणि माझे डोळेच मिटले. सिस्टर म्हणाल्या, "रक्त असेल, जखम असेल, तर मोजे घालाच. कुणाचंही करताना घाला. पण केसांना, पाठीला, ताटवाटीला कसली भीती?" गोळ्या नेमाने घेतल्या तर ही माणसं चांगली म्हातारी होतात, गुंड्या! नातवंडं खेळवतात! मी तोंडात बोट घालून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी आजोबांचे केस नुसत्या हातांनी धुतले. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाले, "अकरा वर्षं झाली, असा हात लागून." एवढंच. माझ्या या खरबरीत हातांत एवढं काही असेल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. अजून मी हात उलटेसुलटे करून बघते.

पत्र इथेच संपवणार होते. पण नाही.

तू आजाराचं सांगितलंस, त्या दिवशी मी लेकीला तुझ्या मांडीवरून उचललं आणि तुझ्यासमोर तिचे हात साबणाने धुतले. दोनदा. तू "येतो, ताई" म्हणालास आणि गेलास तो गेलासच. तेव्हा मला काही माहीत नव्हतं, हे खरं. पण मी कुणाला विचारलंही नाही. याची मला फार लाज वाटते रे.

शनिवारी येते आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. पण मला हाकलायला तरी बाहेर ये. तुला एकदा डोळे भरून बघू दे.

अजून म्हणू देशील तर,
तुझीच ताई