सकाळची फेरी

१२ जानेवारी

पुन्हा उशीर! हावेरीच्या पुढे गाडी उभी ती उभीच. लॅबच्या दारात पोचले तेव्हा नाडिगेर मॅडम सगळ्यांना भिंगाशी बसवून मोकळ्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "नागवेणी, दगडांना घाई नसते. प्रॅक्टिकलला असते." सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

सकाळी शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायची, मग पळत स्टेशन, मग धारवाड. येताना उभ्याने झोप काढते. बाई शेजारी असली तर तिच्या खांद्यावर.

१३ जानेवारी

मार्केट यार्डात मिरची उतरायला लागली. आज व्हॅनभर शिंका! जुळ्या भावांनी शर्यत लावली. चिन्मयी तिसरीतली, पुढची जागा तिची, दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. ती म्हणाली, "वेणीअक्का, शिंकताना तू डोळे मिटतेस. मग गाडी कोण बघतं?"

"काचेपाशी चिकटवलाय तो हनुमंत."

"तोही शिंकला तर?"

मोटेबेन्नूरची शाळा येईपर्यंत हसत होते.

१९ जानेवारी

हॉस्टेलची खोली रिकामी झाली! एक मुलगी लग्न करून गेली. मॅडम म्हणाल्या, आठवड्यात सांग, नाहीतर पुढचीला देतील.

घरी सांगितलं. अव्वा भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "घे की! ती व्हॅन काय तुझ्या बापाची आहे?"

बाप तिथंच बसला होता, हाताची मिरची उतरावी म्हणून तेल चोळत. "गाडी चालवायला कस्तूरीनं शिकवलंय हिला. माणसाचे उपकार असतात."

"उपकार केव्हाच फिटले. आता व्याज चाललंय!"

पास, फी, पुस्तकं सगळं त्या फेरीतूनच निघतं, हे तिघांनाही ठाऊक. पण हॉस्टेल घेतलं तर पासच नको, आणि शिष्यवृत्तीत कसंबसं भागेल. म्हणजे अडचण ती नाही.

अडचण कस्तूरक्का. नवरा गेल्यावर तिनं व्हॅन स्वतः हाती घेतली तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. आता तिचे गुडघे गेलेत. सकाळच्या थंडीत क्लच दाबवत नाही, म्हणून सकाळची फेरी माझी, दुपारची तिची. मी गेले तर दोन्ही तिच्यावर. भाड्याचे दोन ड्रायव्हर ठेवून पाहिले होते. एक तंबाखू खायचा, एक पोरांना शिव्या द्यायचा. पोरांच्या आयांनी दोघांनाही बंद केलं.

आणि खरं लिहू? मला आवडतं. गावात मला कुणी 'अगं' म्हणून हाक मारत असेल, पण व्हॅनमध्ये बसले की बैलगाडीवालासुद्धा बाजूला होतो.

२२ जानेवारी

हॉस्टेलचं सांगायला गेले. कस्तूरक्का पाय लांब करून बसलेली, गुडघ्यांना शेकाची पिशवी. "ये, बस. आज लॅबमध्ये काय बघितलंस?"

मी सांगत बसले. दगडाची कागदाहून पातळ चकती करतात, भिंगाखाली फिरवली की तिचे रंग बदलतात, निळा, केशरी, जांभळा.

"आणि एवढ्यासाठी रोज एवढ्या लांब जातेस?"

"हो."

"मग चांगलंच असणार," म्हणाली. आणि मला चुरमुरे कालवून दिले.

नाही सांगितलं.

२७ जानेवारी

मॅडमना 'नको' म्हणून आले. "कारण?" "नोकरी आहे." चष्म्यावरून बघत राहिल्या. "नोकरी आहे की भीड?"

"खोली आणखी थोडे दिवस धरून ठेवते," म्हणाल्या. मला राग आला. का आला कळलं नाही.

३ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सेमिनारसाठी रात्रभर जागले होते. सकाळी मोटेबेन्नूरच्या सरळ रस्त्यावर ऊन तोंडावर आलं आणि पापणी मिटली. किती वेळ, ठाऊक नाही. चिन्मयी ओरडली, "वेणीअक्का! झाड!"

स्टिअरिंग फिरवलं. चाकं डांबर सोडून मातीत उतरली, परत वर आली. डबे पडले, सांबार सांडलं. जुळे ओरडले, "अजून एकदा! अजून एकदा!"

त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं.

शाळेपर्यंत बैलगाडीच्या वेगानं गेले. उतरताना चिन्मयी माझ्या कानाशी आली. "मी घरी सांगणार नाही हं." ती आत गेली आणि मग मी व्हॅनमागे उभी राहून रडले. तिसरीतल्या पोरीनं मला सांभाळून घ्यायचं!

स्टेशनवर गेलेच नाही. सरळ कस्तूरक्काकडे. मेथी निवडत होती. सगळं सांगितलं.

"पोरं?"

"बरी आहेत."

"तू?"

"बरी."

हात पुढे केला. "किल्ली दे."

दिली.

"उद्यापासून येऊ नकोस."

"अक्का, एकदाच झालं, पुन्हा—"

"दुसऱ्यांदा झालं की बातमी होते."

मग मेथी निवडायला लागली. मान वर केली नाही. बस म्हणाली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरातून चहा न घेता बाहेर आले.

४ फेब्रुवारी

कस्तूरक्का काल संध्याकाळी घरोघरी जाऊन आली, असं अव्वाला कुणीतरी सांगितलं. तसले गुडघे घेऊन! प्रत्येक आईला म्हणाली, चूक माझी, पोरीला झेपेल त्याहून जास्त दिलं.

मला बरोबर नेता आलं नसतं? मी काय पळून चालले होते?

चिन्मयीच्या घरी एकटी गेले. तिची आई दारातच उभी होती. म्हणाली, "रात्री झोप लागली नाही मला." एवढंच. मी मान खाली घालून ऐकलं. आतून चिन्मयी डोकावत होती, तिला वाटलं असेल मीच फितूर झाले.

५ फेब्रुवारी

पहाटे गल्लीत हॉर्न वाजला. सवयीनं उठून चप्पल घातली. दाराच्या फटीतून पाहिलं, कस्तूरक्का स्वतः बसली होती. गियर टाकताना तोंड वाकडं झालं तिचं. माझ्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

अव्वा मागून म्हणाली, "आता तरी जाशील?"

इतके दिवस ठरवत होते, राहावं की सोडावं. ठरवलं मी नाहीच. हाकलली गेले!

९ फेब्रुवारी

हॉस्टेल. खोलीत कारवारची लवीना. तिच्या सुकटाच्या चटणीनं कपाट घमघमतंय. मला म्हणते, "तू काय माणूस आहेस की पोतं? काल पडल्याजागी झोपलीस."

प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या आधी पोचले. मॅडमनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

कस्तूरक्काला फोन केला. "पोरं आहेत गाडीत," म्हणाली आणि ठेवला.

दुपारी परत केला. उचललाच नाही. बरं. मीही पुन्हा करणार नाही.

१ मार्च

परीक्षेत सगळ्या चकत्या ओळखल्या. एकूण एक! लवीनानं चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊ घातलं. आणखी कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. नाही सांगितलं.

१८ मार्च

उगादीच्या सणाला घरी. गल्लीत व्हॅनची जागा रिकामी. अव्वाला विचारलं. म्हणाली, "आधी जेव."

१९ मार्च, उगादी

पुरणाचे होळिगे घेऊन कस्तूरक्काकडे गेले. राग गिळून. दाराला कुलूप. पलीकडे शेजारचा फकीरप्पा व्हॅन धूत होता. आमच्याच व्हॅनला आंब्याची डहाळी बांधलेली.

"मी घेतली की," म्हणाला. "वर्षभर मागे लागलो होतो. त्या पोरीचं धारवाड पुरं होईपर्यंत विकणार नाही, म्हणायची. तिची फी या फेरीतून जाते, म्हणायची. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दोनदा मोडली बाईनं. तू हॉस्टेलला गेल्याची खात्री करून घेतली आणि मग मला बोलावलं. परवा झालं ऑपरेशन. दावणगेरेला, बहिणीकडे आहे."

उद्या सकाळच्या पहिल्या बसनं दावणगेरे.